प्रवासविवेक : जहाज सोडल्यानंतरची वाट

समुद्रपर्यटनाचा बेत ठरू लागला की घरातील सारी चर्चा जहाजाभोवती फिरू लागते. केबिनला गॅलरी हवी की खिडकी पुरेल, जैन भोजनाची नोंद किती दिवस आधी करावी लागते, आजी-आजोबांची खोली लिफ्टजवळ मिळेल का, अशा प्रश्नांवर आठवडेच्या आठवडे विचार होतो. ज्या दिवशी जहाज सोडायचे, त्या दिवसाचा विचार मात्र बहुधा दोन शब्दांत आटोपतो : ‘उतरल्यावर बघू.’ आठ दिवस ज्या जहाजाने भोजन, निवारा, सामान आणि दिशा या चारही गोष्टींची काळजी वाहिली, ते सकाळी नऊच्या सुमारास आपल्याला धक्क्यावर उतरवते आणि त्या चारही गोष्टी एकदम आपल्या खांद्यावर येतात. पुढचे शहर दोन-अडीचशे किलोमीटरवर असते, भाषा परकी असते आणि बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-वडील व पेंगुळलेली मुले असतात.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत युरोपातील समुद्रपर्यटनाविषयीच्या प्रश्नांची संख्या वाढत आहे. त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो : जहाजातून उतरल्यावर पुढच्या शहराला रेल्वेने जावे, बसने जावे, मोटार भाड्याने घ्यावी की चालकासह गाडी ठरवावी? बहुतेक जण या प्रश्नाचे उत्तर भाडे आणि वेळ या दोन मापांनी शोधतात. ती मापे आवश्यक आहेत, पण पुरेशी नाहीत. त्यांच्याआधी तिसरे माप लावावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जहाजाच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत सामान किती वेळा उचलावे आणि ठेवावे लागणार, हे ते माप होय; आणि ते घरातील सर्वांत धडधाकट माणसाच्या नव्हे, तर सर्वांत थकलेल्या माणसाच्या दृष्टीने लावावे. इटलीतील एका नेहमीच्या वाटेचे उदाहरण घेऊन हा विचार तपशिलाने मांडू.

नावातले शहर आणि नकाशातले बंदर

प्रथम एक भ्रम दूर करू. माहितीपत्रकात छापलेले शहराचे नाव आणि जहाज प्रत्यक्ष लागते ते बंदर या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘लंडन’ म्हणून जाहीर केलेले जहाज बहुधा साउदॅम्प्टनला लागते आणि तेथून लंडन सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र. तेथून पॅरिस सुमारे २०० किलोमीटर. ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावरील वार्नेम्युंडे; तेथून बर्लिनला पोहोचायला रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. ‘फ्लॉरेन्स’ला तर समुद्रच नाही, तेथे जाणारे प्रवासी लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया येथे उतरतात.

व्हेनिसची कथा अधिक ताजी आहे. २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या मध्यातील ज्युदेक्का कालव्यात येण्यास इटलीच्या सरकारने बंदी केली. तेव्हापासून ‘व्हेनिस’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक सफरी मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्ते येथे संपतात. मार्गेरा व्हेनिसला लागूनच आहे. रावेन्नापासून मात्र व्हेनिस जवळजवळ मुंबई-पुणे अंतरावर आहे, आणि तेथून रेल्वेने जायचे तर वाटेत गाडी बदलावी लागते. म्हणून जहाजाचे आरक्षण करतानाच बंदराचे खरे नाव विचारून घ्यावे आणि नकाशावर बोट ठेवून ते पाहावे. पुढची सारी आखणी या एका नावावर उभी असते.

रोमचे बंदर म्हणजे चिवितावेक्किया. ते रोमच्या वायव्येस ७० ते ८० किलोमीटरवर आहे. पुण्याहून लोणावळा जितके दूर, त्याहून थोडे अधिक. दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट त्राजानाने येथे बंदर बांधले. सोळाव्या शतकात पोपच्या आज्ञेने उभारलेला आणि मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जाणारा किल्ला आजही धक्क्याजवळ उभा आहे. फ्रेंच कादंबरीकार स्टाँदाल १८३१ पासून येथे आपल्या देशाचा वाणिज्यदूत होता. एवढा इतिहास असूनही बहुतेक प्रवाशांना हे गाव पाहण्याची इच्छा नसते. त्यांना लवकरात लवकर येथून निघायचे असते. कोणाला रोममध्ये राहायचे असते, कोणाला थेट विमानतळ गाठायचा असतो, तर कोणाला फ्लॉरेन्सला जायचे असते. आपण यांतील अवघड वाट घेऊ : चिवितावेक्किया ते फ्लॉरेन्स.

धक्का ते स्थानक : छोटे अंतर, मोठी दगदग

नकाशावर बंदर आणि रेल्वे स्थानक जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात हीच वाट सर्वांना अनपेक्षितपणे दमवते. बंदराचा विस्तार मोठा आहे आणि मोठी जहाजे लागतात त्या धक्क्यांवरून पायी बाहेर पडण्याची सोय नाही. बंदराची बस प्रवाशांना लार्गो देल्ला पाचे या चौकातील केंद्रापर्यंत आणून सोडते. तेथून स्थानकाला जाणारी दुसरी बस घ्यावी लागते किंवा टॅक्सी करावी लागते. पाठीवर एकच पिशवी असलेला तरुण हे अंतर समुद्रकाठाने चालत सहज काटतो. चाकांच्या चार मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असलेली आई बरोबर असेल, तर मात्र ‘चालत जाऊ’ हा विचार मनातूनच काढून टाकावा.

उतरण्याची पद्धतही ध्यानात ठेवावी. आदल्या रात्री मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या आणि सकाळी त्या धक्क्यावरील दालनातून उचलायच्या, ही एक रीत. आपले सामान आपणच घेऊन लवकर उतरायचे, ही दुसरी. वयस्कर माणसे बरोबर असतील तर पहिली रीत सोयीची. मात्र औषधे, पारपत्रे, चष्मे, एक जोडी कपडे आणि खाण्याचा डबा हे सारे हातातल्या पिशवीतच राहू द्यावे. रक्तदाबाची गोळी बाहेर ठेवलेल्या बॅगेत गेली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हाती लागत नाही.

चार वाटा

पहिली वाट रेल्वेची. चिवितावेक्कियाहून रोमच्या तेर्मिनी स्थानकाला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या दिवसभर असतात. त्या वाटेत सान पिएत्रो, त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से येथे थांबत सुमारे सव्वा तासात पोहोचवतात. भाडे माणशी पाच युरोच्या आसपास. या गाड्यांत जागा राखून ठेवता येत नाही आणि भाडे आदल्या महिन्यात काढा वा आयत्या वेळी काढा, तेच राहते. त्यामुळे घाई करून तिकीट काढण्यात काही लाभ नाही. छापील तिकीट मात्र गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तसा शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

तेर्मिनीहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या वेगवान गाड्या ही इटलीची अभिमानाची गोष्ट आहे. रोम-फ्लॉरेन्स हा युरोपातील पहिला वेगवान लोहमार्ग. त्याचा पहिला टप्पा १९७७ मध्ये खुला झाला आणि संपूर्ण मार्ग १९९२ मध्ये पूर्ण झाला. सरकारी फ्रेच्चारोस्सा आणि २०१२ मध्ये सुरू झालेली खासगी इटालो, अशा दोन सेवांच्या गाड्या दीड तासात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्थानकात पोहोचतात. तेथील प्रसिद्ध घुमट स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटांवर आहे. या गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे बदलते : आधी काढल्यास स्वस्त, आयत्या वेळी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. पण सर्वांत स्वस्त तिकिटाला अट असते. ते एका ठराविक गाडीपुरतेच चालते. गाडी चुकली की पैसे गेले. जहाज धुक्यामुळे किंवा अन्य कारणाने तासभर उशिरा लागले, तर आपल्या हाती काहीच नसते. म्हणून जहाजातून उतरण्याच्या दिवशी बदलता येणारे तिकीट घ्यावे किंवा गाडी दुपारी बाराच्या आतली नसावी, हा साधा नियम पाळावा.

रोमला न जाता किनाऱ्याने उत्तरेकडे जाण्याचाही एक लोहमार्ग आहे. चिवितावेक्कियाहून ग्रोसेतो, लिव्होर्नो करीत पिसाला सुमारे दोन तास आणि पिसाहून फ्लॉरेन्सला आणखी तासभर. गाड्या कमी असतात, पण तेर्मिनीची गर्दी टळते आणि डाव्या हाताला मधूनमधून समुद्र सोबत करतो. सोयीची वेळ मिळाली तर या वाटेचा अवश्य विचार करावा.

दुसरी वाट बसची. यात दोन प्रकार आहेत. जहाज कंपनीची बस धक्क्यापासून विमानतळाला किंवा रोमला नेते. तिची खरी किंमत मनःशांतीत आहे, कारण जहाजाला उशीर झाला तरी ती बस प्रवाशांसाठीच असते. मात्र ती फ्लॉरेन्सला जात नाही. लांब पल्ल्याच्या स्वस्त खासगी बसगाड्या रोमच्या तिबुर्तिना स्थानकाजवळून निघतात आणि साडेतीन तासांच्या आसपास फ्लॉरेन्सला पोहोचतात. त्यांतील अनेक बसगाड्या शहरात न शिरता महामार्गाच्या कडेला व्हिला कोस्तान्झा येथे थांबतात. तेथून ट्रामने शहरात यावे लागते. विद्यार्थ्यांसाठी ही वाट उत्तम, पण तीन पिढ्यांच्या कुटुंबासाठी तिच्यात चढउतार फार आहेत.

तिसरी वाट स्वतः चालवायच्या मोटारीची. ही वाट मनाला मोहवते, कारण तोस्कानाच्या टेकड्या आणि सूर्यफुलांची शेते सर्वांनी चित्रांत पाहिलेली असतात. प्रत्यक्षात तीन गोष्टी तपासाव्यात. भारतीय परवान्याबरोबर आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असला पाहिजे. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे आठ दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर पहिल्याच तासात अंगवळणी पडणे सोपे नाही. शिवाय सहा माणसे आणि आठ बॅगा सामान्य मोटारीत मावत नाहीत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची अडचण शहरांच्या दारात उभी असते. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. झेड-टी-एल या अक्षरांनी ते ओळखले जाते. पांढऱ्या वर्तुळाला लाल किनार असलेली पाटी हे त्याचे चिन्ह, आणि तिच्याखालच्या दिव्यांच्या अक्षरांत ‘आत्तिव्हो’ असे दिसत असेल तर प्रवेशबंदी चालू आहे असे समजावे. तेथे अडवणारा पोलीस नसतो, कॅमेरा असतो. आत शिरल्याचे आपल्याला कळतही नाही. काही महिन्यांनी मोटार कंपनीमार्फत दंडाची नोटीस घरी येते. चुकून त्याच गल्लीत तीनदा फेरी झाली तर तीन दंड. शहरात राहायचे असेल तर मोटार घेऊ नये, आणि खेड्यातल्या शेतघरात मुक्काम असेल तरच तिचा विचार करावा.

चौथी वाट चालकासह गाडीची. इटलीत टॅक्सीखेरीज अशा परवानाधारक गाड्यांची वेगळी व्यवस्था आहे. आधी ठरवलेल्या भाड्यावर चालक नावाची पाटी घेऊन धक्क्यावरील दालनाबाहेर उभा राहतो, सामान स्वतः चढवतो आणि हॉटेलच्या दारापर्यंत नेतो. आठ आसनांची गाडी असेल तर सारे कुटुंब एकत्र बसते. फ्लॉरेन्सपर्यंत सुमारे तीन तास लागतात आणि वाटेत हवे तेथे थांबता येते. भाडे काही शे युरो होते. आकडा ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी ‘कशाला एवढा खर्च?’ म्हणतात. म्हणूनच आता आपले तिसरे माप लावून पाहू.

मोजून पाहा

समजा, कुटुंबात सहा माणसे आहेत : आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. चार मोठ्या बॅगा, चार लहान. रेल्वेने जायचे ठरले, तर वाहने कोणती लागतील? बंदराची बस, गावातली बस, प्रादेशिक गाडी, वेगवान गाडी आणि शेवटी हॉटेलपर्यंत टॅक्सी, एकूण पाच. प्रत्येक वाहनात सामान एकदा चढवायचे आणि एकदा उतरवायचे, म्हणजे दहा वेळा. आठ बॅगांचा हिशेब केला तर ऐंशी वेळा एखादी बॅग कोणीतरी उचलते. आजी-आजोबांनी उचलू नये आणि नातवंडांना उचलता येत नाही. याचा अर्थ ही ऐंशीची संख्या दोन माणसांच्या वाट्याला येते, आणि त्यांतील एकीला त्याच वेळी धाकट्याचा हातही धरायचा असतो. चिवितावेक्कियाला फलाट बदलण्यासाठी भुयारी मार्गाने जावे लागते. तेर्मिनीला प्रादेशिक गाडी बहुधा मुख्य दालनापासून दूरच्या फलाटावर लागते. तेथपर्यंतची चाल वेगळीच.

चालकाची गाडी घेतली तर वाहन एक आणि चढउतार दोन. त्याही बहुतांशी चालकाच्या हातून.

या दोहोंमध्ये एक मधला मार्ग आहे आणि आमच्या मते पुष्कळ कुटुंबांना तोच परवडेल. धक्क्यापासून रोमच्या तेर्मिनी स्थानकापर्यंत चालकाची गाडी ठरवावी आणि तेथून वेगवान रेल्वेने जावे. वाहने तीन, चढउतार सहा. गाडीचे भाडे फ्लॉरेन्सपर्यंतच्या भाड्यापेक्षा बरेच कमी होते, दोन बस आणि एक प्रादेशिक गाडी टळते आणि वेगवान गाडीच्या आरामशीर आसनावर आजोबांना दीड तास निवांत मिळतो. उलट दोघेच तरुण असतील आणि प्रत्येकी एक बॅग असेल, तर त्यांनी निःशंकपणे रेल्वेने जावे; त्यांच्यासाठी हा खर्च अनाठायी ठरेल.

खर्चाचा हिशेबही माणशी न करता कुटुंबाचा करावा. रेल्वेचे भाडे प्रत्येक माणसामागे वाढते, गाडीचे भाडे माणसांवर अवलंबून नसते. वेगवान गाडीचे आयत्या वेळचे तिकीट पन्नास युरोच्या पुढे गेले, तर सहा जणांचे तीनशेच्या वर होतात. त्यात प्रादेशिक गाडीचे तीस आणि दोन टॅक्सींचे भाडे मिळवले की चालकाच्या गाडीशी असलेला फरक दिसला होता तेवढा राहत नाही. दोन कुटुंबे एकत्र असतील तर गाडीचे पारडे आणखी जड होते. याउलट तिकिटे महिनाभर आधी काढली असतील, तर रेल्वे निश्चितच स्वस्त पडते. म्हणून हिशेब कागदावर मांडावा, अंदाजावर सोडू नये.

मोजमापाचा आणखी एक लाभ आहे. सामान किती वेळा उचलावे लागणार हे एकदा डोळ्यांसमोर आले की सामानच कमी होऊ लागते. ‘असू द्या, लागेल’ म्हणून भरलेली चौथी मोठी बॅग घरीच राहते. अपरिग्रहाचा विचार आपण प्रवचनात ऐकतो. रेल्वेच्या जिन्याशी तो अगदी व्यवहाराच्या भाषेत समजतो.

‘आम्हांला चालेल’ याचा अर्थ

येथे एका नाजूक गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. आखणीच्या वेळी आई-वडिलांना विचारले, की त्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘आम्हांला काहीही चालेल.’ मुलांचा खर्च वाढू नये, आपल्यामुळे कोणाची अडचण होऊ नये, ही त्यामागची भावना असते. गुडघा दुखतो हे ते सांगत नाहीत. वारंवार स्वच्छतागृहात जावे लागते, हे तर मुळीच सांगत नाहीत. सुनेसमोर तो विषय काढणे त्यांना अवघड वाटते. परिणामी मुलगा प्रामाणिकपणे समजतो की दोन बस आणि दोन रेल्वे त्यांना सहज झेपतील, आणि आई प्रामाणिकपणे ठरवते की कसेही करून निभावून न्यायचे. दोघांच्याही मनात प्रेमच असते, पण त्याचा भार शेवटी त्या गुडघ्यावर पडतो.

म्हणून ‘चालेल का?’ असा प्रश्न विचारू नये. ‘पाच वाहने बदलावी लागतील, दोन ठिकाणी जिने असू शकतात, पहिल्या दोन तासांत स्वच्छतागृह मिळेलच असे नाही, दुसऱ्या वाटेने एकच वाहन आहे आणि इतके पैसे अधिक लागतात,’ असे दोन्ही पर्याय स्पष्ट मांडावेत. वडील मंडळींनीही संकोच बाजूला ठेवून उत्तर द्यावे. मुलांनी आपल्याला सहलीला नेले ते आपण आनंदात राहावे म्हणून. वेदना लपवून वाचवलेल्या दीडशे युरोंचा आनंद त्यांना होणार नाही. कित्येक घरांत ही परदेशाची सहल आई-वडिलांच्या आयुष्यातील पहिली आणि बहुधा शेवटची असते. तिच्या आठवणीत अखेरचा दिवस दगदगीचा राहावा, असे कोणत्याही मुलाला वाटणार नाही.

संपाचा दिवस आणि जेवणाची वेळ

इटलीत रेल्वेचा संप ही अपवादात्मक घटना नाही. त्याला ‘शोपेरो’ म्हणतात आणि त्याची घोषणा आधी होते. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ६ ते ९ या वेळांत काही प्रादेशिक गाड्या संपातही चालवाव्या लागतात. पण जहाजातून आपण उतरतो ते नेमके नऊच्या आसपास, म्हणजे ही सुरक्षित वेळ संपताना. प्रवासाच्या आठवडाभर आधी हा शब्द आणि आपली तारीख एकत्र शोधून पाहावी. संप असेल तर गाडी ठरवण्यास तेवढा अवधी मिळतो. स्थानकावरील फलकावर आणखी दोन शब्द ओळखीचे करून घ्यावेत : ‘बिनारिओ’ म्हणजे फलाट आणि ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. तेर्मिनीसारख्या मोठ्या स्थानकात तिकीटयंत्राजवळ मदत करू पाहणारे किंवा न मागता बॅग उचलणारे लोक भेटतात. ते कर्मचारी नसतात. नम्रपणे नकार द्यावा आणि आपल्या वस्तूंवर हात ठेवावा.

भोजनाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळ्या रीतीने उभा राहतो. जहाजावर आधी नोंद केल्यामुळे कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण मिळत आले, ती व्यवस्था धक्क्यावर संपते. स्थानकावर मिळणाऱ्या पदार्थांत कांदा, लसूण आहे की नाही हे विचारण्याइतका वेळ आणि भाषा नसते. त्या दिवसापुरता खाकरा, दशम्या, भाजलेले चणे, सुकामेवा असा कोरडा शिधा हातात हवाच. एक सूचना : भारतातून युरोपीय संघात जाताना पेढे, बर्फी, तूप यांसारखे दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, शिधा भरताना ते वगळावेत.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ऋतूकडेही पाहावे. जूनमध्ये रोम-फ्लॉरेन्सला सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा पोहोचूनही वेळ हाती राहतो. ऑक्टोबरच्या मध्यात तो साडेसहाच्या आसपास मावळतो, आणि इटलीतील भोजनगृहे रात्रीच्या जेवणासाठी बहुधा सात-साडेसातच्या आधी उघडतच नाहीत. अशा वेळी चार वाजेपर्यंत मुक्कामी पोहोचवणारी वाट निवडणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. नाहीतर आजी त्या रात्री न जेवताच झोपतील आणि कोणाला सांगणारही नाहीत. वाहन ठरवताना हाही निकष कागदावर लिहावा.

त्याच दिवशी विमान असेल तर

फ्लॉरेन्सला न जाता थेट घरी परतणाऱ्यांसाठी थोडेसे. रोमचा मोठा विमानतळ फिउमिचिनो येथे आहे. चिवितावेक्कियाहून रेल्वेने यायचे तर तेर्मिनीपर्यंत जाण्याची गरज नाही. त्रास्तेवेरेला उतरून विमानतळाची प्रादेशिक गाडी घेता येते. तेर्मिनीहून विमानतळाला वाटेत न थांबणारी वेगळी गाडी आहे. ती ३२ मिनिटांत पोहोचवते. चालकाची गाडी किंवा जहाज कंपनीची बस धक्क्यावरून थेट विमानतळाच्या दारात आणते. सामान अधिक असेल तर येथे तिसऱ्या मापाचा कौल अगदी स्पष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. जहाजातून उतरणे, सामान शोधणे आणि रस्ता यांचा हिशेब मांडला, तर दुपारी एक-दोनच्या आधीचे विमान घेणे म्हणजे जुगार खेळणे. शक्य असेल तर एक रात्र रोममध्ये काढावी. त्या एका रात्रीचा खर्च विमान चुकल्यास नव्याने काढाव्या लागणाऱ्या सहा तिकिटांपुढे नगण्य आहे.

सारांश, जहाजाचे आरक्षण होताच एक कागद घ्यावा. त्यावर बंदराचे खरे नाव, पुढच्या मुक्कामाचा पत्ता, वाहनांची संख्या, चढउतार, एकूण खर्च आणि पोहोचण्याची वेळ, अशा सहा नोंदी प्रत्येक वाटेसाठी कराव्यात. मग तो कागद आई-वडिलांसमोर ठेवावा आणि निर्णय त्यांच्या देखत घ्यावा. ज्या वाटेने घरातील सर्वांत थकलेला माणूस मुक्कामी पोहोचल्यावर ‘संध्याकाळी जरा फिरून येऊ’ असे आपणहून म्हणेल, ती वाट त्या कुटुंबासाठी योग्य, मग ती रेल्वेची असो वा गाडीची.